‘पाच टक्क्यांच्या आत, म्हणून सुरक्षित’: वनस्पतींचे अर्क आणि लाल पेशींची चाचणी

औषधी वनस्पतींवरचे शोधनिबंध वाचायला लागलात की काही दिवसांतच एक वाक्य तोंडपाठ होतं. साधारण असं: ‘या अर्काचं हिमोलायसिस ५ टक्क्यांपेक्षा कमी आढळलं, त्यामुळे हा अर्क मानवी वापरासाठी सुरक्षित आहे.’ वनस्पती बदलते, विद्यापीठ बदलतं, नियतकालिक बदलतं. वाक्य मात्र तेच राहतं. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये ते असतं, पीएचडीच्या प्रबंधात ‘विषारीपणाची चाचणी’ या प्रकरणाच्या शेवटी असतं, आणि तिथून उचललं जाऊन कुणाच्या तरी रिव्ह्यूमध्ये ‘सुरक्षितता सिद्ध झालेली आहे’ असं होऊन बसतं.

या लेखात मला त्या वाक्यातल्या ‘त्यामुळे’ या शब्दाबद्दल बोलायचं आहे. चाचणी वाईट नाही. उलट, साध्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सेंट्रिफ्यूज आणि कलरीमीटर एवढ्या भांडवलावर होणाऱ्या फार थोड्या जैविक चाचण्यांपैकी ती एक आहे. पण ती एका अगदी लहान प्रश्नाचं उत्तर देते, आणि आपण ते उत्तर एका प्रचंड मोठ्या प्रश्नाखाली लिहून मोकळे होतो. शिवाय बऱ्याचदा तो लहान प्रश्नसुद्धा नीट विचारलेला नसतो. तुमच्यापैकी अनेकजण प्रवेशपरीक्षा, मुलाखत किंवा सिनॉप्सिसच्या तयारीत असाल आणि ही चाचणी तुमच्या आराखड्यात आधीच लिहिलेली असेल, म्हणून जरा सविस्तर बघू.

चाचणी नेमकी काय करते

ज्यांनी अजून केलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रक्त घ्यायचं, गोठू नये म्हणून सायट्रेट किंवा ईडीटीए घालायचं, सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा फेकून द्यायचा, उरलेल्या पेशी पीबीएस किंवा ०.९ टक्के सलाइनने दोन-तीनदा धुवायच्या. त्यांचं साधारण २ टक्के द्रावण करायचं. त्यात अर्क घालून ३७ अंश सेल्सिअसला अर्धा ते एक तास ठेवायचं. मग पुन्हा फिरवायचं. ज्या पेशी फुटल्या त्यांचं हिमोग्लोबिन वरच्या पाण्यात येतं, ते लाल होतं, आणि त्याचा अ‍ॅब्सॉर्बन्स ५४० नॅनोमीटरला मोजायचा. नुसत्या पीबीएसमधल्या पेशी म्हणजे निगेटिव्ह कंट्रोल, आणि ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटने सगळ्या फोडलेल्या पेशी म्हणजे १०० टक्के. नमुन्यातून निगेटिव्ह वजा करा, ट्रायटनमधून निगेटिव्ह वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा, १०० ने गुणा. झालं.

म्हणजे चाचणी विचारते ते एवढंच: धुतलेल्या, प्लाझ्मा काढून टाकलेल्या लाल पेशींचं आवरण हा अर्क तासाभरात फाडतो का? या वाक्यातला एकेक शब्द महत्त्वाचा आहे. पुढचं सगळं त्यांच्याबद्दलच आहे.

५ टक्के आले कुठून?

हा प्रश्न मुलाखतीत विचारला तर बहुतेक जण ‘स्टँडर्ड आहे सर’ म्हणतात. खरंच स्टँडर्ड आहे, पण कशाचं? एएसटीएम या अमेरिकी मानक-संस्थेचं एफ७५६ नावाचं मानक आहे. त्यात ० ते २ टक्के म्हणजे हिमोलायसिस न करणारं, २ ते ५ म्हणजे किंचित करणारं आणि ५ च्या वर म्हणजे करणारं, अशी तीन खानांची वर्गवारी आहे. हे मानक पदार्थांसाठी, म्हणजे वैद्यकीय उपकरणं ज्यांपासून बनतात त्या मटेरियल्ससाठी आहे. रक्ताला थेट लागणाऱ्या नळ्या, कॅथेटर, असल्या वस्तूंचा विचार करून ते बनलं. तिथे प्रश्न असा असतो की हे प्लास्टिक रक्ताच्या संपर्कात असताना पेशी फोडेल का. प्लास्टिक रक्तात जातं, रक्ताला लागतं, त्यामुळे प्रश्न आणि चाचणी यांचा मेळ बसतो.

आपला अर्क मात्र माणूस तोंडाने घेणार आहे, किंवा कातडीवर लावणार आहे. तो आतड्यातून जाणार, त्यातला काही भागच शोषला जाणार, यकृतात त्याचं रूपांतर होणार, आणि मग जे काही उरेल ते रक्तात पोहोचणार. नळीसाठी आखलेली रेघ काढ्याला लावायची तर ती का लावली याचं निदान एक वाक्य तरी हवं. ते वाक्य मला फारच थोड्या निबंधांत सापडतं. बहुतेक ठिकाणी ५ टक्क्यांच्या पुढे ज्या निबंधाचा हवाला असतो, त्या निबंधात दुसऱ्या निबंधाचा हवाला असतो. एकदा सवड काढून ही साखळी मागे मागे वाचत जा. संशोधनाची ती चांगली शिकवणी आहे.

फुटल्या म्हणजे विषारी?

आता गंमत बघा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली औषधी वनस्पतींच्या गुणवत्ता-तपासणीच्या पद्धतींचं पुस्तक काढलं. त्यात हिमोलायसिसची चाचणी आहे. ती बैलाच्या रक्तावर करतात आणि ग्रॅममागे १००० एकक ताकद धरलेल्या प्रमाणित सॅपोनिनशी तुलना करतात. पण तिथे ही चाचणी वनस्पतीत सॅपोनिनची ताकद किती आहे हे मोजायला आहे. म्हणजे ज्या वनस्पतीचा गुणच सॅपोनिनवर अवलंबून आहे, तिथे पेशी फुटणं हे मालाच्या कसाचं माप आहे. तीच चाचणी, तोच लाल रंग. एका ठिकाणी कस म्हणून वाचला जातो, दुसऱ्या ठिकाणी विष म्हणून.

सॅपोनिन म्हणजे आपल्याकडे रिठा आणि शिकेकाईत जो फेस येतो त्यामागचं रसायन. ते पेशीच्या आवरणातल्या कोलेस्टेरॉलला धरतं आणि आवरणाला भोकं पाडतं. धुतलेल्या लाल पेशींवर रिठ्याचा अर्क टाका, नळी बघता बघता लाल होते. पण प्लाझ्मामध्येही कोलेस्टेरॉल असतं, आणि ते सॅपोनिनला आधीच अडकवून ठेवू शकतं. आपण प्लाझ्मा धुवून टाकला, म्हणजे शरीरातली ही ढालच काढून घेतली. त्यात सॅपोनिन आतड्यातून फार कमी शोषलं जातं. याउलट माशांना ते कल्ल्यांतून थेट लागतं, म्हणून गेळफळासारखी सॅपोनिनयुक्त फळं पाण्यात टाकून मासे गुंगवण्याची जुनी रीत आहे. रसायन तेच, पण ते रक्ताशी पोहोचतं कसं यावर सगळं ठरतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण लशीत आहे. चिली देशातल्या क्विलाया झाडाच्या सालीतलं क्यूएस-२१ हे सॅपोनिन लाल पेशी चांगलंच फोडतं. आणि तरी ते आज नागिणीच्या शिंग्रिक्स लशीत आणि मलेरियाच्या आरटीएस,एस लशीत वापरलं जातं. कसं? ते कोलेस्टेरॉल असलेल्या लिपोसोममध्ये बसवून दिलं जातं, आणि तिथे त्याची पेशी फोडण्याची ताकद दबते. ‘हिमोलायसिस ५ टक्क्यांच्या वर, म्हणून बाद’ एवढ्याच निकषावर कुणी थांबलं असतं तर क्यूएस-२१ पहिल्याच दिवशी कचऱ्यात गेलं असतं.

नाही फुटल्या म्हणजे सुरक्षित?

ही बाजू जास्त गंभीर आहे, कारण ‘सुरक्षित’ हा शब्द इथून येतो.

प्रौढ लाल पेशीत केंद्रक नाही, मायटोकाँड्रिया नाहीत, रायबोसोम नाहीत. हिमोग्लोबिनने भरलेली, ग्लायकोलायसिसवर जगणारी ती एक पिशवी आहे. म्हणून तर तिच्यावर प्रयोग करणं इतकं सोपं आहे. पण मग जी विषं डीएनएवर, मायटोकाँड्रियावर किंवा प्रथिननिर्मितीवर काम करतात त्यांना या पेशीत लक्ष्यच नाही. एरंडाच्या बीमधलं रिसिन आणि गुंजेतलं अ‍ॅब्रिन रायबोसोम निकामी करतात. लाल पेशीत रायबोसोमच नसेल तर ती काय निकामी होणार? बचनागातलं अ‍ॅकोनिटिन नसा आणि हृदयाच्या सोडियम चॅनेलवर बसतं. काजऱ्यातलं स्ट्रिकनिन मज्जारज्जूवर काम करतं. धोतऱ्यातलं अ‍ॅट्रोपिन मज्जासंस्थेच्या रिसेप्टरवर काम करतं. कण्हेरीतलं ओलिअँड्रिन पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप बंद पाडतं आणि माणूस हृदय बिघडून जातो. अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातल्या वनस्पतींतलं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंड खराब करतं आणि कर्करोग घडवतं, पण तेही शरीरात त्याचं रूपांतर झाल्यावर. ही यादी आपल्या खेड्यापाड्यातल्या कुठल्याही माणसाला माहीत असलेल्या विषारी झाडांची आहे, आणि यांतल्या एकाही विषाची मारण्याची पद्धत ‘लाल पेशीचं आवरण तासाभरात फाडणं’ ही नाही.

एरंडाच्या बाबतीत तर इतिहासच आपल्याला सावध करतो. १८८८ साली डॉर्पाट इथे (आजचं एस्टोनियातलं टार्टू) स्टिलमार्क या संशोधकाने दाखवलं की एरंडाच्या बियांच्या अर्काने लाल पेशींच्या गुठळ्या होतात. लेक्टिन या प्रथिनांचा अभ्यास तिथून सुरू झाला असं मानतात. विषारीपणाचं कारण हेच असावं असं तेव्हा वाटलं. पुढे कळलं की गुठळ्या करणारं प्रथिन मुख्यतः वेगळं, आणि जीव घेणारं रिसिन वेगळं. लाल पेशीत जे दिसलं ते खरं होतं. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला होता.

आता रक्ताबद्दलच बोलू. कुणी म्हणेल, आम्ही मेंदू-हृदयाबद्दल बोलतच नाही. रक्तासाठी सुरक्षित आहे एवढंच म्हणतो. तेही सिद्ध होत नाही. कारण माणसात वनस्पतीमुळे लाल पेशी नष्ट होण्याचे जे प्रसिद्ध प्रकार आहेत ते या चाचणीत सहसा दिसत नाहीत.

भूमध्य समुद्राच्या प्रदेशात व्हिसिया फाबा या शेंगेचे दाणे खाऊन काही लोकांना कावीळ आणि तीव्र रक्तक्षय होतो. (ही शेंग म्हणजे आपला वाल किंवा पावटा नव्हे.) याला फेव्हिझम म्हणतात. दाण्यांत व्हिसिन आणि कॉनव्हिसिन असतात. आतड्यात त्यांचं विघटन होऊन डिव्हिसिन आणि आयसोयुरामिल तयार होतात, आणि ती रसायनं लाल पेशीवर ऑक्सिडेशनचा मारा करतात. ज्यांच्या लाल पेशींत जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम पुरेसं असतं त्यांना काही होत नाही. ज्यांच्यात ते कमी असतं त्यांच्या पेशी टिकत नाहीत. ही कमतरता सापडली तीसुद्धा एका औषधामुळे. मलेरियावरच्या प्रायमाक्विनने काही जणांचंच रक्त का कमी होतं याचा शोध घेताना १९५६ साली कार्सन आणि सहकाऱ्यांनी ती दाखवली.

हे दूरचं वाटत असेल तर जवळ या. भारतात या कमतरतेची नोंद १९६३ साली मुंबईतल्या पारशी समाजातून झाली. तिच्या एका प्रकाराचं नावच ‘केरळ-कल्याण’ आहे. आणि मेंदीत लॉसोन नावाचं जे रंगद्रव्य असतं, तेही ऑक्सिडेशन घडवणारं आहे. ही कमतरता असलेल्या लहान बाळांना मेंदी लावल्यावर लाल पेशी नष्ट होऊन गंभीर कावीळ झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. विचार करा: मेंदीच्या पानांचा अर्क, एका निरोगी दात्याच्या धुतलेल्या पेशी, एक तास. नळी स्वच्छ राहू शकते. निबंधात ‘सुरक्षित’ असं छापून येऊ शकतं. आणि ते वाचणारा तो शब्द तान्ह्या बाळापर्यंत नेऊ शकतो.

नळी स्वच्छ का राहते याला तीन कारणं आहेत. पहिलं, विषारी रूप आतड्यात किंवा यकृतात तयार होत असेल तर ते नळीत नसतंच. दुसरं, निरोगी दात्याच्या पेशी मारा सोसतात. तिसरं आणि सर्वांत दुर्लक्षित: शरीरात खराब झालेल्या लाल पेशी बहुतेक वेळा स्वतः फुटत नाहीत, प्लीहा त्यांना ओळखून काढून टाकते. नळीत प्लीहा नसते. तिथे हिमोग्लोबिनचं मेटहिमोग्लोबिन झालेलं असेल, पेशीत हाइन्झ बॉडी साचलेल्या असतील, आवरण कडक झालेलं असेल, तरी जोवर पेशी फुटत नाही तोवर आपला आकडा शून्यच.

आकडा तरी बरोबर आहे का?

इथवर आपण धरून चाललो की मोजलेले टक्के बरोबर आहेत. प्रत्यक्षात वनस्पतींचे अर्क या चाचणीला अनेक बाजूंनी फसवतात.

रंग. मंजिष्ठेचा अर्क स्वतःच लाल. मिथेनॉलमधल्या पानांच्या अर्कात हरितद्रव्य. समजा, सगळ्या नळ्या सारख्याच पातळ करून मोजल्या. निगेटिव्ह ०.०५, ट्रायटन १.२५, अर्काची नळी ०.२९. सूत्रात घाला: ०.२४ भागिले १.२०, म्हणजे २० टक्के. आता पेशी न घालता नुसता अर्क पीबीएसमध्ये मोजा. समजा तो ०.२२ आला. तो वजा केला की ०.०७ उरतात, त्यातून निगेटिव्हचे ०.०५ गेले, ०.०२ भागिले १.२०, म्हणजे १.७ टक्के. एका जादा नळीने २० चे दीड-दोन झाले. ती नळी ठेवली होती की नाही हे पद्धतीच्या भागात लिहिलेलं नसेल तर तो आकडा वाचून उपयोग नाही.

टॅनिन. हे उलट्या दिशेने फसवतं. हिरडा, बेहडा, बाभळीची साल यांत टॅनिन भरपूर असतं आणि टॅनिन प्रथिनांना साका करून खाली बसवतं. हिमोग्लोबिन हे प्रथिनच आहे. पेशी फुटल्या, हिमोग्लोबिन बाहेर आलं, टॅनिनने त्याचा साका केला, सेंट्रिफ्यूजमध्ये तो तळाशी गेला. वरचं पाणी स्वच्छ, आणि आपण लिहितो ‘हिमोलायसिस ०.८ टक्के’. ही नुसती शंका नाही. बेट-स्मिथ यांनी १९७३ साली टॅनिन मोजण्याची जी पद्धत सुचवली ती याच गोष्टीवर उभी होती: टॅनिनने किती हिमोग्लोबिन खाली बसवलं ते बघा, त्यावरून टॅनिन किती ते ठरवा. उपाय सोपा आहे. आधी फोडलेल्या पेशींचं हिमोग्लोबिन घ्या, त्यात अर्क घाला, तेवढाच वेळ ठेवा, फिरवा आणि मोजा. ट्रायटनच्या नळीइतका आकडा परत आला तर ठीक. नाही आला तर तुमचा ०.८ टक्के हा आकडा खोटा आहे. आणि तळाकडे बघा: लाल पेशींची मऊ गोळी आहे की तपकिरी, चिकट गोळा, हे डोळ्यांना दिसतं.

पाणी. अर्क डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवला आणि सलाइनमधल्या पेशींत समान आकारमानाने मिसळला, तर ०.९ टक्के मिठाचे ०.४५ टक्के झाले. माणसाच्या लाल पेशी साधारण ०.५ टक्क्यांच्या खाली गेलं की फुटायला लागतात आणि ०.३ च्या आसपास सगळ्या फुटतात. म्हणजे अर्काने काहीच न करता पेशी फुटणार. डीएमएसओ आणि अल्कोहोलचंही तसंच. नुसत्या द्रावकाची नळी नसेल तर दोष कुणाचा हे कळणार नाही.

१०० टक्के. हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. लाल पेशीत डेसिलिटरमागे साधारण ३३ ग्रॅम हिमोग्लोबिन असतं. २ टक्के द्रावणातल्या सगळ्या पेशी फोडल्या तर मि.लि.ला सुमारे ६.६ मि.ग्रॅ. हिमोग्लोबिन बाहेर येतं. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ५४० नॅनोमीटरला याचा अ‍ॅब्सॉर्बन्स हिशेबाने साडेपाच-सहाच्या घरात जातो. आपली यंत्रं २ ते ३ च्या वर विश्वासाने वाचत नाहीत. ट्रायटनची नळी पातळ न करता वाचली आणि यंत्राने २.५ दाखवलं, तर छेद निम्म्याहून कमी झाला आणि प्रत्येक अर्काचे टक्के दुपटीहून जास्त फुगले. म्हणून ट्रायटनचा कच्चा आकडा निबंधात द्यावा, आणि किती पट पातळ केलं तेही.

रक्त कुणाचं. मानवी रक्तासाठी नैतिकता समितीची परवानगी लागते, म्हणून अनेक ठिकाणी खाटकाकडून बोकडाचं रक्त आणतात. हरकत नाही, पण शेळीवर्गाच्या लाल पेशी जेमतेम ३ ते ४ मायक्रोमीटरच्या, माणसाच्या ७ ते ८ च्या, आणि मीठ कमी झालं की त्या माणसाच्या पेशींपेक्षा लवकर फुटतात. आकडा बोकडाचा आणि निष्कर्षात ‘मानवी वापर’, असं होऊ नये. आणि एकाच दात्याच्या रक्ताच्या तीन नळ्या म्हणजे ‘एन बरोबर ३’ नव्हे. ती पिपेटिंगची तपासणी झाली. तीन माणसांचं रक्त हवं.

मात्रेचा साधा हिशेब

अनेक निबंधांत १ मि.ग्रॅ. प्रति मि.लि.पर्यंत तपासून ‘जास्त मात्रेलाही सुरक्षित’ किंवा ‘जास्त मात्रेला विषारी’ असं लिहितात. प्रौढ माणसात साधारण ५ लिटर रक्त धरलं तर १ मि.ग्रॅ. प्रति मि.लि. म्हणजे ५ ग्रॅम अर्क, सगळाच्या सगळा, एकाच वेळी रक्तात. वाळलेल्या वनस्पतीतून १० टक्के अर्क निघतो असं धरलं तर ही ५० ग्रॅम चूर्णाची गोष्ट झाली, तीही पूर्ण शोषली गेली तर. चूर्णाची नेहमीची मात्रा ३ ते ६ ग्रॅम. तेव्हा या टोकाला पेशी फुटल्या म्हणून घाबरायचं कारण नाही आणि नाही फुटल्या म्हणून हुरळायचंही नाही. हा हिशेब दोन ओळींत मांडला तर वाचणाऱ्याला आकड्याचा आवाका कळतो. निबंधात तो क्वचितच दिसतो.

याच चाचणीचं जुळं भावंड

‘एचआरबीसी मेंब्रेन स्टॅबिलायझेशन’ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. इथे उलटं करतात: ०.३६ टक्के सलाइनसारख्या पातळ द्रावणात पेशी मुद्दाम फुटू द्यायच्या आणि अर्काने किती वाचवल्या ते मोजायचं. वाचवल्या म्हणजे अर्क सूज कमी करणारा, डायक्लोफेनॅकच्या तोडीचा, असा निष्कर्ष. आधार असा की लाल पेशीचं आवरण लायसोसोमच्या आवरणासारखं आहे. पण डायक्लोफेनॅक मुख्यतः सायक्लोऑक्सिजिनेज हे एन्झाइम अडवून काम करतं, आणि परिपक्व लाल पेशीच्या आवरणाशी त्या कामाचा संबंध नाही. वर टॅनिनचं जे सांगितलं ते इथे आणखी सोयीचं ठरतं: हिमोग्लोबिनचा साका झाला की ‘९० टक्के संरक्षण’. अर्क सलाइनमध्ये विरघळवला असेल तर त्यातल्या मिठानेच पेशी वाचतात. एकाच अर्काच्या एकाच दोषाने एका तक्त्यात ‘सुरक्षित’ आणि दुसऱ्या तक्त्यात ‘सूजनाशक’ अशी दोन प्रशस्तिपत्रं मिळू शकतात.

मग ही चाचणी करावी की नाही?

करावी. ‘लहान कॉलेजात दुसरं काय करणार’ हा युक्तिवाद मला मान्य आहे. प्राण्यांवरच्या चाचण्या आणि पेशीसंवर्धनाच्या सोयी सगळीकडे नसतात. पण साधनं साधी असली म्हणून निष्कर्ष मोठा करायची गरज नसते. वर सांगितलेल्या जादा नळ्यांना फारसा खर्च येत नाही: नुसता अर्क, नुसता द्रावक, हिमोग्लोबिन अधिक अर्क, आणि जमलं तर प्लाझ्मा घातलेली एक नळी. शेवटच्या नळीने सॅपोनिनचा प्रश्न बराच उलगडतो. ६३० नॅनोमीटरला वाचन घेतलं तर मेटहिमोग्लोबिनचा अंदाज येतो आणि ऑक्सिडेशनची निदान कुणकुण लागते. फक्त तिथेही अर्काचा स्वतःचा रंग वजा करायचा. एक तासाऐवजी चार आणि चोवीस तासांच्या नळ्याही ठेवता येतात. पेशी जगाव्यात म्हणून द्रावणात ग्लुकोज घालायचं.

आणि मग वाक्य लिहायचं ते असं: ‘तीन निरोगी दात्यांच्या धुतलेल्या लाल पेशींवर, इतक्या मात्रेपर्यंत, एक तासात, अर्काच्या रंगाची आणि साक्याची दुरुस्ती केल्यावर, आवरण फुटल्याचं आढळलं नाही.’ हे वाक्य लांब आहे, मार्गदर्शकांना कदाचित फिकं वाटेल, पण त्यातला प्रत्येक शब्द तुम्हाला व्हायव्हात सिद्ध करता येतो. ‘सुरक्षित आहे’ हे सिद्ध करता येत नाही, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकाने ‘मग कण्हेरीचं काय?’ एवढंच विचारलं तरी पुढे बोलायला काही उरत नाही.

या आठवड्यात एक काम करा. तुमच्या विषयातला, तुम्ही सिनॉप्सिसमध्ये हवाला दिलेला, हिमोलायसिसचा एक निबंध काढा. पद्धतीच्या भागात पाच गोष्टी शोधा: नुसत्या अर्काची नळी, नुसत्या द्रावकाची नळी, ट्रायटनचा कच्चा आकडा, दात्यांची संख्या, आणि ५ टक्क्यांच्या रेघेचा मूळ हवाला. किती सापडतात ते मोजा आणि मगच तो निबंध तुमच्या प्रकरणात कशासाठी वापरायचा ते ठरवा.